दादा, तुम्ही सायकलवरून उतरलात म्हणून

प्रिय दादा,

रविवारी सकाळी तुम्ही आम्हाला जुनं पुणं दाखवत होतात, त्या सायकल सफरीत विश्रामबागवाड्यापाशी तुम्ही सायकलवरून खाली उतरलात. का उतरलात, ते मला उशिरा कळलं. तेव्हापासून तुम्हाला लिहायचं मनात घोळतंय.

माझे बाबा 72 वर्षांचे. खडकीच्या कारखान्यातली सगळी नोकरी त्यांनी सायकलवर केली. गेल्या डिसेंबरात मी त्यांना हौसेने दुसऱ्याच कुणाच्या तरी सफरीला नेलं होतं. तिथे उंच सीटची गियरवाली सायकल हातात दिली आणि मार्गदर्शक जो पुढे गेला, तो गेलाच. आम्ही सिग्नलला अडकलो. फोन केला तर उत्तर आलं, "वयस्कर माणसांना आणायचंच कशाला?" फोन स्पीकरवर होता. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची सायकल वॉचमनला देऊन टाकली.

म्हणून तुमच्याकडे यायला ते तयारच नव्हते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्यापाशी तुम्ही 1732 ची वास्तुशांत, 1828 ची आग सांगत होतात, तेव्हाही ते घोळक्याच्या मागे उभे होते. तांबट आळीत कारागीर तांब्याची भांडी ठोकून मठारकाम करत होते. तो ठोक्यांचा आवाज ऐकून बाबा पुटपुटले, "आमचा पाणी तापवायचा बंब इथलाच." तुम्ही लगेच स्वतःचं बोलणं थांबवलंत. "काका, मोठ्याने सांगा ना, सगळ्यांना ऐकू दे." बाबा लाजले, पण बोलले. भिडेवाड्याच्या जागेशी तुम्ही 1848 ची मुलींची शाळा सांगितलीत, तेव्हा ते पार पुढे येऊन उभे होते.

मंडईनंतर मात्र त्यांना दम लागला. विश्रामबागवाड्यापाशी तर पायडलवर पायच ठरेना. माझ्या पोटात गोळा आला. आता सगळ्यांसमोर 'काका, तुम्ही रिक्षाने या' असं ऐकावं लागणार! तुम्ही बाबांकडे पाहिलंसुद्धा नाहीत. खाली उतरून सगळ्यांना म्हणालात, "इथून पुढच्या गल्ल्या चालतच बघायच्या. सायकली हातात धरा." आणि बारा जण निमूट चालायला लागले. बाबाही. ताठ मानेने, सायकलच्या आधाराने.

निघताना एक मुलगी मला म्हणाली, "मी दुसऱ्यांदा आले. मागच्या वेळी हा टप्पा सायकलवरूनच केला होता."

दादा, ती सायकल हातात धरली म्हणून बाबा ओंकारेश्वरापर्यंत पोहोचले. तिथे तुम्ही पानशेत धरण फुटून आलेल्या पुराचं नाव काढलंत आणि त्यांना कंठ फुटला. 12 जुलै 1961. बाबा आठ वर्षांचे, आजोबांच्या खांद्यावर. धान्य, कपडे, आजीची पेटी, सगळं मुठा नदीने नेलं. पाणी ओसरल्यावर चिखलात एकच वस्तू हाती लागली. तांबट आळीतला तो बंब. मी त्यांची मुलगी, माझं वय 44, आणि हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. बोलता बोलता त्यांचा आवाज दाटला, तेव्हा तुम्ही घड्याळ बघितलं नाहीत. पुढचा थांबा राहिला तरी चालेल, असं म्हणालात.

पुण्याचा इतिहास तोंडपाठ असलेली माणसं खूप भेटतात. पण दमलेला माणूस दमलाय हे इतरांना कळू न देणं, हे तुम्ही कुठे शिकलात? तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा. असं वागणारं कुणी भेटलं, की या गर्दीच्या शहराबद्दल पुन्हा माया वाटायला लागते.

काल बाबा वॉचमनकडे जाऊन बसले होते. सायकल परत मागितली नाही. त्याचा मुलगा तीवरून शाळेला जातो. पण जुनी सायकल कुठे मिळेल, याची चौकशी करून आलेत. तुम्ही सांगितलेलं नानासाहेब पेशव्यांचं ते कात्रजचं पाणी, तलावापासून शहरातल्या हौदांपर्यंत आलेलं, त्यांच्या डोक्यातून जात नाही. कात्रजची सफर काढलीत तर पहिलं नाव त्यांचं लिहा, असा निरोप आहे. चढ आहे म्हटलं मी. म्हणाले, "चालत जाऊ की."

तुमची,
रविवारच्या काकांची मुलगी