छोटूची सायकल, बाबांचे पंचाहत्तर हजार

घेंट, बेल्जियम
मार्च महिना

ती. बाबा व आई यांस सा. न.
चि. छोटूस अनेक आशीर्वाद.

मृग बहाराची संत्री बऱ्या भावात गेली हे आईनं फोनवर सांगितलं, आणि त्याच्या मागोमाग छोटूचा मेसेज येऊन धडकला. बाबांनी सायकलसाठी ७५,००० कबूल केले, एक रुपया वर नाही, तीन सायकली निवडल्यात, ताई तू फक्त बोट ठेव. आता हे फोनवर सांगायला गेले तर तुमच्याकडची रेंज जाते नाहीतर माझी मीटिंग सुरू होते. म्हणून लिहूनच पाठवते. दुकानात जाताना कागद सोबत ठेवा.

बाबा, आधी तुमचं. एवढ्या पैशात जुनी मोटरसायकल येते, हे तुम्ही तोंडानं म्हणाला नसाल तरी मनात आहेच. येते, खरं आहे. पण मोटरसायकल दर महिन्याला पेट्रोल मागते, आणि ह्याला कुठे पोचायचं म्हणून सायकल नकोच आहे. त्याला येत्या हिवाळ्यात नागपूरची २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब सायकल-फेरी, करायची आहे आणि एकदा परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा आहे. तुम्ही हो म्हणालात तेव्हा वाद संपला. पैसा नेमका कशात जातो तेवढं तुम्हाला कळावं, म्हणून पत्र तुमच्याही नावानं.

छोटू, "तिकडून घेऊन पाठव" हे डोक्यातून काढ. इथे सायकली स्वस्त नाहीत. त्यावर खोक्याचं भाडं, वर सीमाशुल्क, आणि उद्या फ्रेमला काही झालं तर वॉरंटीसाठी खोकं परत बेल्जियमला पाठवशील काय? नागपुरातच घे. सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा बिल पक्कं घे आणि त्यावर ५ च लिहिलंय ना ते पाहून घे.

आता तुझी यादी. पहिली सायकल, पुण्याच्या कोणाची तरी चार वर्षं वापरलेली, कार्बन फ्रेम, शिमानो कंपनीचा १०५ ग्रुपसेट, म्हणजे गिअर-ब्रेकचा सगळा संच, मागच्या चाकाला ११ चक्रं. फोटोत झक्कास दिसते. तुझं मन खरं तिथेच अडकलंय, मेसेजवरूनच कळलं. पण अॅल्युमिनियमला पोचा पडला तर डोळ्यांना दिसतो, कार्बनला आतून तडा गेला असेल तर वरून रंग तसाच चकाचक राहतो. हात लावून, ठोकून, पेडलच्या दांड्या ज्या धुऱ्यावर फिरतात त्याच्याजवळ आणि हँडलच्या खालच्या नळीजवळ निरखून पाहिल्याशिवाय तिचा भरवसा नाही, आणि तिथेही जाणकार माणूस सोबत लागतो. बाबा बाजारात बैलाचे दात, खूर पाहिल्याशिवाय कासऱ्याला हात लावत नाहीत; तू फोटोवरून बैल घ्यायला निघाला आहेस. ती सोड.

उरल्या दोन, दोन्ही नव्या, दोन्ही अॅल्युमिनियमच्या, दोन्हींचा फॉर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, कार्बनचा. एकीला शिमानो सोरा, मागे ९ चक्रं, चाकाच्या कडेला चिमटणारे रिम ब्रेक, २५ मिलिमीटर रुंदीचे टायर. दुसरीला शिमानो क्लॅरिस, मागे ८, वायरवर चालणारे डिस्क ब्रेक, २८ चे टायर आणि फ्रेममध्ये ३२ पर्यंत जागा. क्लॅरिसवाली थोडी स्वस्तही आहे. तू लिहितोस, "सोरा वरचा आहे ना ताई." हो, वरचाच आहे. क्लॅरिस, सोरा, टियाग्रा, १०५ ही शिडी तुला पाठ आहे, चांगली गोष्ट. पण ह्या दोन पायऱ्यांत फरक किती? मागे एक चक्र जास्त, म्हणजे दोन गिअरमधलं अंतर उलीसक कमी. उलट्या वाऱ्यात मोर्शी-अमरावती रस्त्यावर ते जाणवेल, नाही असं नाही. बाकी दोन्हींत ब्रेकच्या दांडीतूनच गिअर बदलतात, दोन्हींत पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या चकत्या. शिवाय ८ गिअरची चेन साध्या गिअरवाल्या सायकलींनाही चालते, त्यामुळे ती अमरावतीत सहज मिळेल, आणि स्वस्त पडेल.

मी क्लॅरिसवालीवर बोट ठेवते. कारण गिअर नाही, टायर.

इथे घेंटच्या दक्षिणेला टेकड्या आहेत, फार उंच नाहीत, पण रस्ते अजून जुन्या दगडी फरसबंदीचे. पुढच्या महिन्यात तिथे फ्लँडर्सची शर्यत होईल, १९१३ पासूनची. कोपेनबर्ग नावाच्या एका चढावर रस्ता काही ठिकाणी २० टक्क्यांच्या वर चढतो, आणि वर शेवाळलेले, ओले, वाटोळ्या पाठीचे दगड. मागचं चाक एकदा घसरलं की नावाजलेले खेळाडूसुद्धा उतरून सायकल खांद्यावर घेतात. एकेकाळी रस्त्यावरच्या शर्यतीत २३ चा टायर म्हणजे ठरलेलाच. जितका अरुंद आणि कडक, तितका वेगवान, असं सगळे मानायचे. आता तेच लोक २८, ३०, ३२ लावतात. कडक टायर प्रत्येक दगडावर उडतो, सायकल वर-खाली होते, पायाचा जोर त्या उडण्यात वाया जातो. रुंद टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, तो दगडाला बसतो आणि पुढे जातो. गुळगुळीत डांबरावर अरुंद टायरला थोडाफार फायदा मिळेलही, पण तसं डांबर आपल्या नशिबात सलग किती?

आपल्या रस्त्याचं तुला मी काय सांगू! हायवे सोडला की डांबर, मग ठिगळ, मग ठिगळाचंही उखडलेलं ठिगळ, गिट्टी, आणि शेवटी पांदण. कुंपणाला बाभळी-बोरीच्या फांद्या बंडीवरून ओढत नेल्या की काटे रस्त्यावर पडतात, पाऊस संपला की शेताच्या धुऱ्याकडचे सराटे वेगळे. पावसाळ्यात काळी माती टायरला चिकटते, फिरत फिरत जाड होते, आणि टायर व फॉर्कच्या मध्ये बोटभरही जागा नसेल तर चाक जागीच बसतं. रिम ब्रेकवाल्या सायकलीत तो लोंदा ब्रेकच्या रबरातच अडकतो, आणि ओल्या मातीतली खर ब्रेक दाबताना रिम घासत राहते. डिस्क ब्रेक चाकाच्या मध्यात, चिखलापासून लांब. वायरवरचा डिस्क तेलावरच्या डिस्कइतका हलक्या बोटानं लागत नाही, पण वायर तुटली तर गावात बदलता येते. तेलाची गळती कोण काढणार?

पुढे हाती पैसे आले तर गिअर वरचे बसवता येतात. फ्रेम आणि फॉर्कमधली जागा मात्र कारखान्यातून आली तेवढीच राहते. म्हणून जागा आधी विकत घे. २८ चे टायर झिजले की ३२ चे, आत काट्यासाठी पट्टी असलेले घे. तुझं वजन साठ-बासष्ट किलोच असेल ना? मग त्यात ५५-६० पीएसआय हवा पुरे. पंक्चरवाला म्हणेल "दगडासारखी भरून देतो", त्याला थांबव.

पंक्चरवरून आठवलं, हे नीट वाच. ह्या सायकलीच्या ट्यूबला बहुतेक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल, बारीक, लांब, टोकाला छोटा स्क्रू. आपल्या फाट्यावरच्या दुकानातल्या पंपाचं तोंड त्याला बसत नाही. आधी तो टोकाचा स्क्रू उलटा फिरवून सैल करायचा, बोटानं एकदा दाबून "फुस्स" आवाज येऊ द्यायचा, मग त्यावर पितळी अॅडॅप्टर घट्ट फिरवायचा. मग मोटरसायकलच्या पंपानंही हवा भरते. भरून झाली की अॅडॅप्टर काढ आणि स्क्रू पुन्हा आवळ. अॅडॅप्टर दोन-चार घेऊन ठेव, एक सायकलीसोबतच राहू दे, एक दुकानातल्या काकांकडे देऊन ठेव. मी दिवाळीत येताना मूठभर आणीन, खिशातही मावतात.

घाटाचं. परतवाड्याहून चिखलदरा सुमारे ३० किलोमीटर, वर पोचलास की उंची १,१०० मीटरच्या वर. तिथे पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे सगळ्यात मोठं चक्र किती दात्यांचं, एवढाच हिशेब कामाचा. मागे २८ असेल तर मिनिटाला ७० वेळा पाय फिरवून सायकल ताशी ११ च्या आसपास जायला हवी. तेवढा दम नसेल तर पाय जड होत जातात आणि गुडघा बोलायला लागतो. मागे ३४ लावलं तर त्याच ७० फेऱ्यांत ताशी ९ वर चालतं. ऐकायला किरकोळ वाटतं, पण तासाभरानं विचार. दुकानात एक प्रश्न नक्की विचार: मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग, लांब पिंजऱ्याचा आहे का? क्लॅरिसचा लांब पिंजऱ्याचा डिरेलर ३४ पर्यंत पेलतो, आखूड पिंजऱ्याचा नाही. सायकल घेतानाच कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, बदलून मागितलीस तर दुकानदार थोडे पैसे घेऊन देतो. नंतर पूर्ण किंमत पडते.

तू भिंतीवर डॉ. अमित समर्थांचा फोटो लावला आहेस, आईनं सांगितलं. नागपूरचा माणूस, २०१७ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतची रॅम (रेस अक्रॉस अमेरिका) सायकल शर्यत, सुमारे ४,८०० किलोमीटर, एकट्यानं पूर्ण केली. फोटो राहू दे. पण त्या शर्यतीत मागे गाडी असते, मेकॅनिक असतो, जास्तीची चाकं असतात. तुझ्या मागे कोणी नसणार. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे चहा-नाश्ता, पंक्चर सगळं धरून ताशी पंधरा पडले तरी वेळेत पोचतोस. तिथे वेगाची सायकल हरत-जिंकत नाही, बंद पडणारी हरते.

मापाचं दुकानदारावर सोडू नकोस. त्याच्याकडे ५६ पडून असेल तर तो ५६ च तुला "परफेक्ट" म्हणेल. आज संध्याकाळी कर: अनवाणी भिंतीला पाठ लावून उभा राहा, पायांत चार बोटं अंतर, जाड पुस्तक दोन पायांच्या मध्ये सीटसारखं वर दाबून धर, आणि बाबांना पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेपनं मोजायला लाव. ७९ सेंटिमीटर आलं समज. त्याला ०.८८३ नं गुणलं की साधारण ७० सेंटिमीटर, एवढी सीटची उंची, पेडलच्या दांड्या ज्या धुऱ्यावर फिरतात त्याच्या मध्यापासून मोजलेली. ०.६७ नं गुणलं की ५३, म्हणजे ५२ किंवा ५४ ची फ्रेम. हा जुना ठोकताळा आहे, अमेरिकेचा सायकलपटू ग्रेग लेमाँड याच्या नावानं चालतो. प्रत्येक कंपनीचा ५४ वेगळा असतो, म्हणून बसून, दहा मिनिटं चालवूनच ठरव. दोन मापांत अडलास तर लहान घे. लहान फ्रेमची सीट आणि हँडल पुढे-वर करता येतात, मोठी फ्रेम कापता येत नाही.

आणि सगळे ७५,००० सायकलीवर उडवू नकोस. सात-आठ हजार बाजूला काढ आणि त्याला हात लावू नकोस. हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, हवेचा काटा असलेला उभा पंप, दोन जास्तीच्या ट्यूब, टायर काढायच्या प्लॅस्टिक पट्ट्या, अॅलन-कीचा जुडगा, चेनचं तेल. क्लॅरिसवालीत हे सगळं बसतं, सोरावालीत बसत नव्हतं, तुझाच हिशेब पुन्हा करून पाहा. क्लिपवाल्या बुटांचं काढलंस तर मी ऐकणार नाही. वर्षभर साधं पेडल चालव, मग बोलू.

आई, तुझी भीती हायवेची. खरी आहे, ट्रक कोणाचे नसतात. उजाडल्याशिवाय निघायचं नाही, मागचा लाल दिवा दिवसाही चालू, आणि निघताना कुठे चाललो ते सांगायचं, एवढं त्याच्याकडून कबूल करून घे. आणि सायकल पत्र्याच्या टपऱ्यात ठेवू देऊ नकोस, मेमध्ये तिथलं रबर भाजून निघतं. ओसरीत ठेवा. बाबा कुरकुर करतील, करू द्या.

छोटू, पुस्तक लावून मोजलेलं माप रविवारपर्यंत पाठव, आणि दुकानदार डिरेलरबद्दल काय म्हणतो तेही. त्यानं सोरावालीवर सूट देतो म्हटलं तर लगेच हो म्हणू नकोस, आधी मला फोन लाव. मध्यरात्र असली तरी चालेल.

तुझी,
ताई

ता. क. बाबा, पक्क्या बिलाचा फोटो काढून मला पाठवा, मूळ बिल कपाटातच ठेवा. फ्रेमच्या खाली नंबर कोरलेला असतो, तोही वहीत लिहून घ्या. चोरी झाली तर पोलीस आधी तोच मागतात.