आठ महिने राहून गेलेलं एक पान

आदरणीय मॅडम,

परदेशात सेमिस्टर करून आलेल्या प्रत्येकाकडून तुम्ही एक पान मागता. तिकडे काय अडलं, कसं सुटलं, पुढच्या मुलांनी काय सांभाळावं. मी ‘आठवड्याभरात देते’ म्हणाले होते, त्याला आता आठ महिने झाले. पान आज देतेच आहे, सोबत हे पत्रही. सगळ्यांना वाचता यावं असं लिहिलंय, कारण तुमचं इंटरनॅशनल ऑफिस म्हणजे फॉर्मवर शिक्का मारून घ्यायची खिडकी, असं मलाही जायच्या आधी वाटायचं. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, एवढं ओळखते.

जर्मनीतल्या विद्यापीठात एक सेमिस्टर, एक्स्चेंजवर. फी आपल्याच विद्यापीठात भरायची आणि तिकडची माफ, एवढं ऐकूनच मी हुरळले होते. तिकडे सेमिस्टरचं वेगळं अंशदान भरावंच लागतं, हे तुम्ही पहिल्या भेटीत सांगून टाकलंत. मग एका चिठ्ठीवर दोन तारखा लिहून दिल्यात. एक, आपल्या विद्यापीठाने माझं नाव तिकडे कळवायची. दुसरी, मी स्वतः तिकडे अर्ज भरायची. ‘नाव गेलं म्हणजे काम झालं’ असं समजून बसलेल्या कुणाची तरी जागा हुकली होती, हेही तुम्ही जाता जाता म्हणालात. मी त्याच संध्याकाळी अर्ज उघडला.

लर्निंग ॲग्रीमेंटची, म्हणजे तिकडे कुठले विषय घेणार त्या कराराची, दुपार मात्र मी विसरणार नाही. मी नुसती नावं बघून सहा विषय निवडून आणले होते. तुम्ही प्रत्येकाचं मॉड्यूल वर्णन, म्हणजे त्या विषयाची सविस्तर माहिती, छापून मागितलंत आणि पेन घेऊन बसलात. “३० ईसीटीएस म्हणजे किती काम, सांग बरं?” ईसीटीएस म्हणजे युरोपातली क्रेडिट्स. मी आपल्या सवयीने वर्गाचे तास मोजायला लागले. तुम्ही कॅल्क्युलेटर पुढे सरकवलात. एका क्रेडिटमागे २५ ते ३० तास, त्यात वर्ग, वाचन, गृहपाठ, परीक्षेची तयारी सगळं आलं. म्हणजे सेमिस्टरला ७५० ते ९०० तास. मग दोन विषयांवर काट मारलीत. एक फक्त उन्हाळी सेमिस्टरला शिकवला जायचा आणि मी जाणार होते हिवाळीला. दुसऱ्याची व्याख्यानं इंग्रजीत होती, पण परीक्षा जर्मनमध्ये. दोन्ही गोष्टी त्या कागदांवर स्पष्ट छापलेल्या होत्या. मी शीर्षकाच्या खाली उतरलेच नव्हते.

पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत राहत्या पत्त्याची नोंदणी करायची असते आणि त्यासाठी घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. तो मी खोलीची किल्ली घेतानाच मागून घेतला, कारण तुमच्या यादीत ते लिहिलेलं होतं. तेवढं निर्धास्त पार पडलं.

मग निवडलेल्या एका विषयाच्या जागा भरल्या. तिथल्या प्राध्यापकांनी दुसरा विषय घ्यायला तोंडी होकार दिला आणि मी वर्गाला जाऊही लागले. तुमची मेल आली : “तोंडी होकार धरू नकोस. बदललेल्या ॲग्रीमेंटवर तुझी, त्यांची आणि आपली, तिन्ही सह्या आल्या की मगच विषय बदलला.” खरं सांगू? तेव्हा मी वैतागले होते. एवढ्याशा बदलासाठी किती ते कागद!

डिसेंबरातल्या मेलवर मात्र वैतागायला जागाच नव्हती. दोनच ओळी होत्या. “परीक्षेची नोंदणी केलीस का? वर्गाला जाणं म्हणजे नोंदणी नव्हे, स्क्रीनशॉट पाठव.” मी एकही व्याख्यान चुकवलं नव्हतं, सगळे गृहपाठ वेळेवर दिले होते. परीक्षेला वेगळं नाव नोंदवायचं असतं हे माझ्या गावीही नव्हतं. पोर्टल उघडलं तर मुदतीचे दोन दिवस उरलेले. ते हुकले असते तर फेब्रुवारीत मला पेपरला बसूच दिलं नसतं आणि तो अख्खा अभ्यास कुठल्याच कागदावर आला नसता. थंडीतही मला घाम फुटला होता.

त्या फेब्रुवारीचंही तुम्ही आधीच बघून ठेवलं होतंत. तिकडच्या परीक्षा संपायच्या आत आपलं पुढचं सत्र सुरू होणार होतं. हजेरीत सवलत देण्याचं विभागाचं पत्र तुम्ही मी विमानात बसायच्या आधीच घेऊन ठेवलंत. मला ते परत आल्यावर कळलं.

आणि शेवटी ती गुणपत्रिका. माझ्या सगळ्यात आवडत्या विषयासमोर १.७. ती नोंदवून घेणाऱ्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “दहापैकी?” त्यांचा तरी काय दोष! आकडा जितका लहान तितकी श्रेणी चांगली, असं कुणी गृहीत धरून बसत नाही. तुम्ही खाली आलात, त्यांच्याच टेबलावरचा कोरा कागद ओढलात आणि लिहिलंत : १.० सर्वोत्तम, ४.० जेमतेम पास, ५.० नापास. खाली सुधारित बव्हेरियन सूत्र मांडलंत. ते परदेशी गुण जर्मन श्रेणीत बदलायला वापरतात, तुम्ही उलट्या बाजूने सोडवलंत. आपल्याकडे कमाल १०, पास व्हायला ४, म्हणून १.७ चे होतात ८.६. त्यांनी स्वतः एकदा गणित करून पाहिलं, मग नोंद केली. तो कागद मी मागून घेतला, अजून जपून ठेवलाय.

एक तक्रारही करते, रागावू नका. हे सगळं तुमच्या डोक्यात आणि तुमच्या मेलबॉक्समध्ये आहे. परीक्षेच्या नोंदणीबद्दल आपल्या माहितीपुस्तिकेत एक अक्षर नाही, मी परत येऊन शोधलं. तुम्ही महिनाभर रजेवर असता तर माझं काय झालं असतं? तुम्ही आमच्याकडून पान का मागता, ते मला तेव्हा उमगलं. तोवर मला वाटायचं, वार्षिक अहवालात छापायला चार गोड वाक्यं हवी असतील.

तर पान सोबत जोडलंय. चारही विषयांची मॉड्यूल वर्णनं, कुठला विषय लवकर भरतो ते, आणि १.७ च्या गणिताचा फोटो त्यात आहे. परीक्षेच्या नोंदणीची ओळ सगळ्यात वर घातली आहे, ठळक अक्षरांत.

तुमची आभारी,
हिवाळी सेमिस्टरची ती उशीर करणारी मुलगी