भैरवीपर्यंत पोचवणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

भोसरीच्या तुमच्या वर्कशॉपमधून निघताना तुम्ही विचारलं होतं, "पोरी, काम तर झालं, पण हे यंत्र आहे तरी काय?" बाहेर रिक्षावाला हॉर्न देत होता, विमान गाठायचं होतं. "गेमचा सीडी प्लेअर आहे, काका," एवढं बोलून मी पळाले. ज्याचं इवलंसं गिअर घडवायला तुम्ही चार दिवस भिंगाला डोळा लावून बसलात, त्या यंत्राची ओळख मी अर्ध्या वाक्यात उरकली. तोक्योला उतरेपर्यंत ते मनाला लागून राहिलं. म्हणून हे पत्र. ताई वाचून दाखवेलच. तुमचं काम चार लोकांना कळावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

जपानमध्ये १९८७ साली एनईसी आणि हडसन सॉफ्ट या दोन कंपन्यांनी मिळून पीसी इंजिन नावाचा, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम काढला. पांढरा, तळहातावर मावेल एवढासा. त्याचे गेम एटीएम कार्डाएवढ्या पातळ कार्डावर यायचे. पुढच्याच वर्षी, ४ डिसेंबर १९८८ रोजी, त्याला जोडायचं सीडीचं यंत्र बाजारात आलं. घरच्या व्हिडिओ गेमला सीडी लागली ती पहिल्यांदा तिथं. किंमत पीसी इंजिनच्या दुपटीहून जास्त. तुम्ही ज्याला "डॉक्टरची बॅग" म्हणालात ती झाकणाची, मुठीची पेटी म्हणजे दोघांना जोडणारा पाळणा. एका बाजूला पीसी इंजिन बसतं, दुसऱ्या बाजूला सीडीचा भाग.

आता तुमच्या गिअरचं महत्त्व सांगते. सीडीवर पाचशे एमबीहून जास्त माल मावायचा, कार्डावर त्याच्या पासंगालाही पुरणार नाही एवढा. पण सीडीवरून आणलेला माल ठेवायला यंत्रात जागा होती फक्त ६४ केबी. म्हणजे गोदाम डोंगराएवढं आणि दुकानाचा गाळा खोपटाएवढा. गेममधला खेळाडू एका गावातून दुसऱ्या गावात गेला की जुना माल बाहेर, नवा आत, आणि प्रत्येक वेळी सीडी वाचणाऱ्या लेझरची गाडी सीडीखाली धावायची. १९९१ मध्ये सीडी चालवण्यासाठी पीसी इंजिनमध्ये खोचायचं नवं सिस्टीम कार्ड आलं, जागा २५६ केबी झाली, तेव्हा खेपा थोड्या कमी झाल्या. या साऱ्या खेपा नखाएवढ्या एका प्लास्टिकच्या गिअरच्या जिवावर.

यंत्र मुळात माझं नव्हे. माझ्या ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी निवृत्त होताना ते मला दिलं. कॉलेजात असताना फावल्या वेळात हॉटेलात भांडी घासून त्यांनी ते घेतलेलं. १९८९ च्या डिसेंबरात आलेला 'ईज वन अँड टू' हा सीडीवरचा गेम त्यांचा जीव की प्राण. सीडी येईपर्यंत घरच्या गेमचं संगीत म्हणजे चिपनं काढलेले सूर. इथं सीडीवर ध्वनिमुद्रित केलेलं संगीत घरच्या टीव्हीतून वाजू लागलं. ते सांगताना साठीला आलेल्या त्या माणसाच्या हाताची बोटं टेबलावर ठेका धरत होती. "हल्ली चालत नाही," एवढंच म्हणाले. दुरुस्त करून द्या असं म्हणण्याचा त्यांचा स्वभाव नाही.

मी उघडून पाहिलं. गिअर दोन दातांच्या मधोमध चिरलेलं. यात बनवणाऱ्याचा दोष नाही. धातूच्या दांड्यावर घट्ट बसवलेलं प्लास्टिक पस्तीस वर्षांत आकसतं, दांडा काही आकसत नाही. शेवटी प्लास्टिक फाटतं, चिरेपाशी दातांमधलं अंतर वाढतं आणि शेजारचं गिअर प्रत्येक फेऱ्यात तिथंच अडतं. असे सुटे गिअर बनवून विकणारे हौशी लोक आहेत. मी एक मागवलंही, पण ते काही नीट बसेना. सुट्टीवर येताना बाबा म्हणाले, "घेऊन ये, भोसरीत माणूस आहे."

मला वाटलं होतं, तुम्ही हसून परत पाठवाल. तुमच्याकडे ट्रॅक्टरचे गिअर येतात. पण तुम्ही हातातलं व्हर्निअर वर करून दाखवलंत. "हे मिटुटोयो जपानचंच. तीस वर्षं ह्यानं मला खोटं माप दिलं नाही. त्याच्या गावच्या गिअरला मी नाही कसं म्हणू?" मग मी फुटकं गिअर पुढं केलं तर ते बाजूला सारलंत. "फुटक्याचं माप घेऊ नये, चिरेनं ते फुगलेलं असतं. जोडीदाराचं घ्यावं." शेजारच्या गिअरचे दात तीनदा मोजलेत, त्यावरून मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचं माप, काढलंत, दोन दांड्यांमधलं अंतर घेऊन ताळा केलात. एवढ्या बारीक दाताचा कटर तुमच्याकडे नव्हता, तर टूल बिट, म्हणजे कापायची पोलादी कांडी, ग्राइंडरवर घासून एका दाताचा फ्लाय कटर घडवलात. त्याचं टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच ओढून धार पाहिलीत, ते अजून डोळ्यांसमोर आहे.

मी पितळेचं म्हणत होते. तुम्ही ऐकलं नाहीत, बरं झालं. "पितळ जोडीदाराचे दात खाईल." डेलरिन या कणखर प्लास्टिकचा तुकडा वर्तुळाचे समान भाग पाडणाऱ्या डिव्हायडिंग हेडला लावलात आणि एकेक दात काढलात. दांड्यावर बसवताना ठोकलं नाहीत. गिअर गरम पाण्यात टाकलंत, भोक जरा फुगल्यावर अंगठ्यानं दाबून बसवलंत, म्हणजे बसवताना चिरणार नाही.

मधल्या वेळात तुम्ही गेमची सीडी दुकानातल्या जुन्या सीडी डेकमध्ये घातलीत आणि एक जपानी आवाज बोलू लागला. तेव्हा मी हसत बसले, अर्थ सांगायचा राहिला. या सीडीच्या पहिल्या ट्रॅकवर ताकीद भरलेली असते. दुसऱ्या ट्रॅकवर कॉम्प्युटरची माहिती आहे, तो साध्या प्लेअरवर वाजवू नका, असं ती बाई सांगते. तुम्ही भाषा न कळताही डेक बंद केलात.

आणि ती परीक्षा! सीडी आतून बाहेर वाचली जाते, हे कळल्यावर तुम्ही घरातून अभंगांची सीडी मागवलीत. या यंत्रावर गाण्याची सीडीही वाजते. "शेवटी भैरवी आहे, म्हणजे ती अगदी कडेला. गाडी भैरवीपर्यंत गेली तर गिअर पास." २३० व्होल्टचे १०० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला आणि आपण वाट पाहत बसलो. पूर्वी गाडी मध्यावरच टक्-टक् करत अडायची. त्या दिवशी एकही टक् नाही. भैरवी सुरू झाली तेव्हा मिलिंगवरचा पोरगा मशीन बंद करून दारात येऊन उभा राहिला होता.

परत आल्यावर एका रविवारी यंत्र घेऊन सहकाऱ्यांच्या घरी गेले. 'ईज'ची सीडी लागली, सुरुवातीचं संगीत आलं. ते काही बोलले नाहीत. त्यांच्या पत्नीनं चहा ठेवला तो निवला. मग त्यांनी तुमचं नवं गिअर भिंगातून पाहिलं, दात मोजले आणि विचारलं, "हे हातानं?" मी यंत्र तिथंच ठेवून आले. त्यात खेळ साठवायला २ केबी जागा आहे, पण बॅटरी नाही. काही आठवडे चालू केलं नाही तर साठवलेलं पुसलं जातं. म्हणून आता ते दर रविवारी लावतात आणि मला निरोप पाठवतात, "आजही गाडी शेवटपर्यंत गेली."

तंबाखूच्या डबीत घालून दिलेली जादा तीन गिअर जपून ठेवली आहेत. त्यातलं एक त्यांच्या मित्राला हवं आहे. तुमची परवानगी असेल तर देते. आणि फुटकं गिअर दिवाळीला परत आणते, पोरांना दाखवायला तुम्हाला हवं होतं ना.

तुमची,
तोक्योची पोर