खर्चाची चर्चा उशिरा का?

संपादक महोदय,

महाविद्यालय निवडताना घरात चर्चा होते ती गुणांची आणि नावाजलेल्या संस्थांची. खर्चाचा विषय प्रवेश निश्चित झाल्यावर निघतो, तोही दबक्या आवाजात. तो नववीतच निघायला हवा. शिक्षणशुल्कात राहणे, जेवण, पुस्तके, प्रवास मिळवल्यावरच खरा आकडा कळतो. अनेक शैक्षणिक कर्जांवर शिकत असतानाच व्याज चढू लागते. कित्येक शिष्यवृत्त्या ठरावीक गुण टिकवले तरच पुढच्या वर्षी मिळतात. हे मुलांनाही आधी ठाऊक असावे. अर्ज त्यांनीच भरावेत, पालकांनी फक्त तपासावेत. (ऑनलाइन अर्जाचा पासवर्ड वडिलांकडे, ही पद्धत तर बंदच करा!) ज्यांच्या घरातून आजवर कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, त्या पालकांच्या कामाच्या वेळा सांभाळून शाळांनी त्यांच्यासाठी मार्गदर्शन ठेवावे.

– एक पालक