पुरावा आमच्या गावांतला, तपासणी मात्र फॉर्मवर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जिल्ह्यातल्या कर्करोग तपासणी शिबिराची बातमी आपल्या अंकात वाचली. किती फॉर्म भरले आणि उद्घाटनाला कोण कोण होतं, हे सविस्तर आलं होतं. किती जणींना संशयित म्हणून पुढे पाठवलं आणि त्यातल्या किती उपचारापर्यंत पोचल्या, हे मात्र नव्हतं. दोष वार्ताहराचा नाही; तो आकडा त्याला कोणी दिलाच नसणार. आरोग्य सेविका म्हणून उपकेंद्रात लागले आणि आरोग्य सहायिका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे आकडे कुठे थांबतात ते ठाऊक आहे.

गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर वेळेत शोधून बायका वाचवता येतात, याचा जगभर दाखला दिला जाणारा अभ्यास आमच्याच धाराशिवचा, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादचा आहे. टाटा मेमोरियल, बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ मध्ये तो सुरू केला. गावांचे ५२ समूह, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया. एप्रिल २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्या गटाची एचपीव्ही चाचणी (हा कॅन्सर ज्या विषाणूमुळे होतो, त्याची चाचणी) एकदाच झाली, त्यात या आजाराने ३४ स्त्रिया गेल्या. ज्या गटाला नेहमीची आरोग्यसेवाच मिळाली, त्यात ६४. त्या दुसऱ्या गटातल्या बायकांचं आपण काही देणं लागतो, असं मला आजही वाटतं.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा मेमोरियलनेच केलेला दुसरा अभ्यास तर आमच्यासारख्यांसाठी जास्त मोलाचा. दहावी झालेल्या मुलींना शिकवून त्यांच्याकडून व्हिनेगरची तपासणी करून घेतली. पातळ ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग दिसतो का ते पाहायचं. ना प्रयोगशाळा, ना महागडं यंत्र. बारा वर्षांनी पाहिलं तर मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. पण ही तपासणी दर दोन वर्षांनी, चार वेळा झाली होती. आमच्या जिल्ह्यातल्या आधीच्या अभ्यासात एका गटाची हीच व्हिनेगरची तपासणी एकदाच केली, तेव्हा मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. सरकारी कार्यक्रमात ती पाच वर्षांतून एकदा करायची आहे, आणि तीही प्रत्यक्षात होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी या कॅन्सरची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या देशभरात फक्त १.९ टक्के निघाल्या. स्तनांच्या तपासणीत तर ०.९ टक्के.

म्हणजे 'काय करावं' हे कळून बरीच वर्षं झाली. अडलंय ते 'कसं करावं' इथे, आणि त्याचंही एक शास्त्र आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २०१९ पासून खास अंमलबजावणीच्या अभ्यासाची केंद्रं सुरू केली. त्यातल्या एका केंद्राचं काम गरीब वस्त्यांना सेवा देणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांबरोबरच चाललं. सिद्ध झालेला उपाय तिथल्या कर्मचाऱ्यांच्या रोजच्या कामात कसा बसवायचा, हा त्यांचा विषय. आपल्याकडे हे काम परिपत्रक काढलं की संपतं.

उपकेंद्रात काय होतं ते सांगते. आशाताई घरोघर जाऊन सीबॅक फॉर्म, म्हणजे कोणाला आजाराचा धोका आहे हे ओळखण्याची प्रश्नावली, भरते. बाई उपकेंद्रात येते, तर तपासणीचं टेबल असतं पण पडदा नसतो. पडदा असला तर बॅटरीचे सेल संपलेले. समुदाय आरोग्य अधिकारी पुरुष असला तर बाई दारातूनच परत. प्रशिक्षण झालेल्या सिस्टरची बदली होते आणि नवीन आलेलीला कोणी शिकवत नाही. एवढ्यातून डाग दिसलाच, तर चिठ्ठी मिळते जिल्हा रुग्णालयाची. एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी, सोबत यायला माणूस. पुष्कळ चिठ्ठ्या डब्यातच राहतात. कर्करोगापूर्वीचा डाग जाळून टाकणारं हातात मावणारं यंत्र मिळतं, त्याच भेटीत उपचार करता येतो. ते महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणलं, तर अर्धी गळती तिथेच थांबेल असं माझं मत आहे. एचपीव्ही चाचणीचा नमुना तर बाई स्वतःच घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली. लाजेचा प्रश्न पुष्कळसा मिटवणारा हा मार्ग आपल्या आशांच्या पिशवीत कधी येणार?

आणि तपासणी नसते तिथे भीतीचा धंदा चालतो. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड महिलांच्या पाहणीत सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातंय म्हणून गेलेल्या बाईला "काढून टाक, नाहीतर कॅन्सर होईल" असं सांगितल्याच्या तक्रारी तेव्हा पुष्कळ आल्या होत्या. दोन मिनिटांची तपासणी गावात होत असती, तर निदान काही जणींना "तुला काही झालेलं नाही, घरी जा" असं सांगणारं माणूस भेटलं असतं. हे सांगणं हाही प्रतिबंधच आहे, पण त्याचा रकाना कुठल्या फॉर्मवर नाही.

आरोग्य विभागाकडे मागणं फार नाही. किती फॉर्म भरले याऐवजी डाग दिसलेल्यांपैकी किती जणींवर उपचार झाले, तो आकडा प्रत्येक तालुक्याने दर महिन्याला जाहीर करावा. काम कसं करायचं याची मराठी पुस्तिका पुण्या-मुंबईत बसून लिहू नये, दोन-चार आशाताई आणि सिस्टर्सना बसवून लिहून घ्यावी. पडदा आणि सेल त्यात आपोआप येतील. आणि धाराशिव-बीडकडची शिबिरं डिसेंबर-जानेवारीत ठेवू नयेत. त्या वेळी ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे त्या बायका कारखान्याच्या उसाच्या फडात असतात. कोयता, म्हणजे ऊसतोडीला जाणारं जोडपं, दिवाळीच्या सुमारास गाव सोडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबरमध्ये तपासणी आणि लागेल तो उपचार दोन्ही उरकायला हवं.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सहायिका, जि. धाराशिव
(कृपया नाव छापू नये.)