'रन' म्हणजे नुसतं धावणं नव्हे

प्रिय बाळा,

काल तू झोपल्यावर तुझी इंग्रजीची वही चाळली. 'शी रन्स अ स्कूल' या वाक्यापुढे तू लिहिलं होतंस, 'ती शाळेत धावते'. त्यावर लाल काट. खाली 'रन म्हणजे धावणे' असं तीनदा, पेन्सिल इतकी दाबून की कागद फाटायला आला होता. मला गलबलून आलं. तू पाठ केलेला अर्थ खराच होता गं, फक्त त्या वाक्यातला नव्हता.

'शी रन्स टू स्कूल' आणि 'शी रन्स अ स्कूल', दोन्ही मोठ्याने म्हणून बघ. पहिल्यात 'टू' आहे, म्हणजे ती कुठेतरी निघाली आहे; धावत शाळेत जाते. दुसऱ्यात 'टू' नाही, शाळा थेट क्रियापदाचं कर्म झाली. म्हणजे ती शाळा चालवते. एवढ्याशा 'टू'ने केवढा फरक पडला!

आपल्याकडे घड्याळ चालतं, यंत्र चालतं, कोर्टात खटला चालतो. त्यांना पाय कुठे आहेत, असं तू कधी विचारलं नाहीस. मराठीत जे चालतं, त्यातलं बरंचसं इंग्रजीत 'रन' होतं. 'द इंजिन इज रनिंग' म्हणजे इंजिन चालू आहे. पण सगळीकडे 'चालणे' बसवू नकोस हं. 'माय नोज इज रनिंग' म्हणजे नाक वाहतंय, आणि 'वी रॅन आउट ऑफ पेपर' म्हणजे आमच्याकडचा कागद संपला.

मोठमोठ्या कोशकारांनाही या शब्दाने दमवलं आहे. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांब नोंद 'सेट'ची होती. पुढे 'रन'ची नोंद नव्याने लिहिली, तेव्हा नुसत्या क्रियापदाचेच ६४५ अर्थ भरले. ते कोण पाठ करणार? शब्दापुढे एकच अर्थ लिहून पाठ करायची पद्धत मला मुळीच पटत नाही. पुढे-मागे येणाऱ्या शब्दांसकट अख्खं वाक्य लिहीत जा, आणि तेही तुझ्या स्वतःच्या दिवसातलं.

वहीतलं ते पान फाडू नकोस. त्याच्या मागच्या बाजूला 'रन'ची चार वाक्यं लिही, चारही अर्थ वेगळे. 'रन इन्टू' मुद्दाम घे. कोणीतरी अचानक भेटलं की म्हणतात ते. तुला कोण भेटलं, ते मी संध्याकाळी वाचेन.

तुझी,
आई