ॲडम्सचा हात आणि मागची रेषा

महोदय,

इंग्लंडच्या आर्सेनल फुटबॉल क्लबचा माजी कर्णधार, बचावपटू टोनी ॲडम्सबद्दल लिहिताना ऑफसाइडची दाद मागायला वर गेलेल्या हाताचेच कौतुक होते. (ऑफसाइड म्हणजे पास होताना स्ट्रायकर, अर्थात गोल करणारा आघाडीचा खेळाडू, बचावाच्या मागच्या रेषेपलीकडे असणे.) खरी करामत त्याआधीची. प्रतिस्पर्ध्याने चेंडू मागे पास केला, की डिक्सन, बोल्ड, ॲडम्स आणि विंटरबर्न ही आर्सेनलची बचावफळी एकदम पुढे सरके, म्हणजे स्ट्रायकर त्यांच्या मागे ऑफसाइड सापडे. एकजण जरी मागे रेंगाळला, तरी स्ट्रायकर थेट गोलकीपरसमोर! त्यात १९९० मध्ये नियम बदलला. बचाव करणाऱ्या संघाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत असलेला स्ट्रायकर आता ऑनसाइड, म्हणजे वैध, ठरू लागला. तरीही १९९०-९१ च्या लीगमध्ये आर्सेनलने ३८ सामन्यांत अवघे १८ गोल खाल्ले. आणि त्याच मोसमात ॲडम्स, कर्णधार असूनही, दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल काही आठवडे तुरुंगात होता. तेव्हा श्रेय चौघांना आणि प्रशिक्षक जॉर्ज ग्रॅहमच्या रोजच्या घोटून घेण्यालाही द्या.

– एक फुटबॉलप्रेमी वाचक